विषय : ‘फक्त १२ ग्रॅम’ लिहिलेल्या घडीच्या ट्रेकिंग टूथब्रशबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

आमच्या गिर्यारोहण गटाच्या साहित्य विभागाने आपल्या संकेतस्थळावरून घडीचे २४ ट्रेकिंग टूथब्रश मागवले. दर नगाला २४० रुपये, एकूण ५,७६० रुपये. आम्ही हे सदस्यांना खरेदीच्याच दरात देतो, विक्रीचा धंदा करत नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत तीन गोष्टी लिहिल्या आहेत : ‘फक्त १२ ग्रॅम’, ‘न गंजणारी बिजागरी’ आणि ‘हवेशीर टोपण’. तिन्ही खोट्या ठरल्या. ब्रिसल्सबद्दल मात्र तक्रार नाही. ते खरोखर मऊ आहेत आणि एकही झुबका सुटून आलेला नाही.

आधी वजन. सोनाराकडे असतो तसल्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आम्ही सगळे २४ नग पाकिटातून काढून मोजले. सर्वांत हलका २६.१ ग्रॅम, सर्वांत जड २७ ग्रॅम. मग १२ चा आकडा आला कुठून हे पाहण्यासाठी एक ब्रश सुटा केला. डोक्याकडचा अर्धा भाग ११.८ ग्रॅम, दांडा आणि टोपण असे दुहेरी काम करणारा पोकळ भाग १३.१ ग्रॅम, पिन आणि खटका मिळून १.६ ग्रॅम. म्हणजे आपण अर्धाच ब्रश काट्यावर ठेवलात. उरलेला अर्धा घरी ठेवून ट्रेकला जायचे असेल तर आकडा बरोबर आहे.

किराणा दुकानात मिळणारा मोठ्यांचा साधा, अखंड दांड्याचा ब्रश याच काट्यावर १७ ग्रॅम भरला. लहान मुलांचा १० ग्रॅम. साध्या ब्रशचा दांडा हॅक्सॉ ब्लेडने कापून डोक्यासकट ९ सेंटिमीटर ठेवला, कापलेली कड पॉलिश पेपरने गोल केली आणि शेवटाला दोरीसाठी ३ मिलिमीटरचे भोक पाडले, की तो ८ ग्रॅमच्या आत येतो. खर्च तीस-चाळीस रुपये, वेळ दहा मिनिटे. ९ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, असे आम्ही नवीन सदस्यांना मुद्दाम सांगतो. त्याहून आखूड केला की मागच्या दाढांपर्यंत पोहोचताना बोटे तोंडात जातात, आणि गडावर हात किती स्वच्छ असतात हे वेगळे सांगायला नको.

आपली मूळ चूक आम्हाला इथेच दिसते. घडी केल्याने लांबी कमी होते, वजन वाढते. बिजागरी आली की पिन आली, पिनभोवती तिला धरणारे जाड कान आले, ब्रश उघडा राहावा म्हणून खटका आला. सॅकमध्ये १९ सेंटिमीटर लांबीच्या वस्तूला जागा नसते असे कधी होत नाही. बाजूच्या कप्प्यात ती उभी राहते. तिथे अडचण वजनाची असते, आणि घडीने ती वाढवली.

आता बिजागरी. २४ पैकी १६ ब्रश वापरात दिले. पाच दिवसांच्या वापरात पाचांचा खटका सैल झाला आणि तिघांचा पिनेजवळचा कान तुटला. खटक्याची गोळी जेमतेम १ मिलिमीटर वर येते आणि ती ज्या खोबणीत बसते ती मऊ प्लास्टिकची आहे. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असतेच, त्यात सॅकमधली माती मिसळली की खोबण झिजते. मग दाढ घासताना ब्रश मधूनच मिटतो आणि हिरडीला लागतो.

तुटलेले तिन्ही कान भिंगाखाली पाहिले. भोकाच्या बाहेरच्या कडेला, तिन्हींत एकाच जागी, केसासारखी सरळ रेघ आहे. साच्यात वितळलेले प्लास्टिक पिनेच्या भोकाला वळसा घालून दोन बाजूंनी येते आणि पुन्हा जुळते. त्या जोडाला साचेवाले वेल्ड लाइन म्हणतात. तो जोड आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कमजोर असतो, आणि आपण तो नेमका तिथे आणला आहे जिथे सगळा ताण येतो. कानाची जाडी १.४ मिलिमीटर आहे. दांड्याच्या आत त्रिकोणात ५ चा आकडा आहे, म्हणजे प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन आहे. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागते. आपल्या जाहिरातीत ब्रश बर्फातल्या तंबूसमोर ठेवलेला दाखवला आहे. डिसेंबर-जानेवारीत केदारकांठाच्या मुक्कामावर रात्री पारा शून्याच्या खाली जातो. तिथे सकाळी हा खटका जोर लावून उघडणाऱ्याचे काय होईल, याचा विचार जाहिरात करताना झालेला दिसत नाही.

पिनेवर पाचव्या दिवशी तांबूस डाग आले. चुंबक चिकटतो म्हणून आम्ही तिला नावे ठेवत नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातींनाही चुंबक चिकटतो. पण डाग कापडाने पुसला की पांढऱ्या कापडावर गंज उतरतो. तो ब्रशच्या मानेतून ओघळून तोंडात जातो.

पेस्ट बिजागरीत शिरून वाळते आणि चुन्यासारखी घट्ट होते, ही आणखी एक गोष्ट. अखंड ब्रश गडावर घोटभर पाण्यात धुऊन होतो. हा धुवायला बिजागरी तीन-चार वेळा उघड-मीट करावी लागते, शंभर मिलिलिटर पाणी सहज जाते. उन्हाळ्यात टाके आटलेले असते तेव्हा ते पाणी पाठीवरून आणलेले असते, आणि शंभर मिलिलिटर म्हणजे शंभर ग्रॅम. बारा ग्रॅमची बढाई तिथेच संपते.

टोपणाला १ मिलिमीटरची तीन भोके आहेत. एवढ्या बारीक भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो, खाली पडत नाही. उलट भोकच बंद करतो. धुऊन झटकलेल्या ब्रशवर अर्धा ग्रॅम पाणी होते. टोपणात बारा तास ठेवल्यावर त्यातले ०.३ ग्रॅम शिल्लक होते, त्याच खोलीत उघडा उभा ठेवलेला मात्र कोरडा होता. हे पुण्यातल्या घरात. जुलैमधल्या हरिश्चंद्रगडावर, ढग गुहेत शिरलेले असताना, काय होईल ते उघड आहे. ओला ब्रश बंद डबीत राहिला की त्यात जंतू वाढतात, म्हणूनच दंतवैद्य तो उघडा वाळवायला सांगतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना ३ बाय १५ मिलिमीटरच्या चिरा दिल्या असत्या तर प्लास्टिकही वाचले असते.

आपल्या ग्राहक सेवेकडून उत्तर आले की ‘वापरलेला ब्रश आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही’, आणि पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. कान तुटतो हे वापरल्याशिवाय कसे कळणार? आणि वजन तर न वापरताही चुकीचेच आहे. आठ ब्रश तोंडाला लागलेलेच नाहीत.

आमच्या मागण्या : सर्व २४ नगांचे ५,७६० रुपये परत करावेत. पाकिटावर आणि संकेतस्थळावर संपूर्ण ब्रशचे, टोपणासह, वजन छापावे. ‘न गंजणारी’ हा शब्द पिन बदलेपर्यंत काढावा. पुढचा ब्रश करणार असाल तर बिजागरी सोडून द्या. दहा सेंटिमीटरचा अखंड ब्रश, शेवटाला दोरीचे भोक, आणि फक्त डोके झाकणारे चिरांचे टोपण, एवढेच पुरे. तो खरोखर बारा ग्रॅममध्ये बसेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करू. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(२८), म्हणजे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या, आणि सदोष मालाविषयीच्या तरतुदी यांच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, तेव्हा आमची सोय आहे.

आपले,
साहित्य विभाग, गिर्यारोहण गट, पुणे

सोबत : बिलाची प्रत, काट्यावरच्या वजनांचे २४ फोटो, पाकिटाची दोन्ही बाजूंची प्रत, तुटलेले तीन कान आणि एक गंजलेली पिन, प्लास्टिकच्या पुडीत.