हात शेजारी ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

गुरुवारी पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आले, तर तुमच्या खुर्चीत दुसरेच डॉक्टर. तुमची बदली झाली एवढंच सिस्टरना ठाऊक. पेढे त्यांनीच वाटून घेतले. तुमच्याशी बोलायचं मात्र माझ्याकडे तसंच राहिलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी तुम्हाला आठवणार नाही. जूनमध्ये तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन आलेली बाई. भांडुप स्टेशनच्या पुलावर दोनदा कठड्याला टेकून आलेली. तुम्ही लेकीला तपासलंत, गोळ्या लिहिल्यात आणि पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणालात, "आणि काकू, तुमचं काय?" (मी 43 वर्षांची. 'काकू' जरा लागलंच. पण त्या दिवशी मी साठीची दिसत होते, हेही खरं.)

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, मला फार दमायला होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "मुंबईत कोण दमत नाही, वहिनी?" आणि ताकदीचं इंजेक्शन ठोकायचे. दंड दोन दिवस दुखायचा, ताकद काही यायची नाही. दुसऱ्या एका मोठ्या, भरपूर फीच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाळिशीनंतर होतंच असं, वॉकला जात जा. वॉक! पहाटे पावणेपाचला उठून दोन डबे भरायचे, मग सीएसएमटीपर्यंत बहुतेक वेळा उभ्यानेच, तिथून फोर्टात ऑफिस. नणंदेचं निदान सगळ्यात सोपं, "मनावर घेतलंय तिने." शेवटी माझंही तेच मत झालं, की आपणच आळशी. पोळ्या लाटताना धाप लागायची म्हणून गॅसजवळ स्टूल आणून ठेवलं होतं, आणि कुणी आलं की ते सरकवायचे.

तुम्ही माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीत. मग काही न बोलता स्वतःचा हात टेबलावर उताणा ठेवलात. "तुमचा ठेवा शेजारी," म्हणालात. तुमच्या तळव्यावर बॉलपेनची निळी शाई लागली होती आणि रेषा गुलाबी होत्या. माझा हात साबणाच्या पाण्यात तासभर राहिलेल्या फडक्यासारखा, रेषांसकट पांढरा. ट्यूबलाइटच्या त्या उजेडात दोन्ही हात शेजारी दिसले तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी खोटं बोलत नव्हते. आणि तुम्ही हळूच विचारलंत, "एवढ्यावर तुम्ही रोज फोर्टला जाता?"

मॅडम, मी रडले ते या वाक्याला. दोन वर्षांत कुणी मला 'किती करता' असं म्हणालं नव्हतं. 'काय एवढं' म्हणणारे सगळे.

मग तुमचा पुढचा प्रश्न, "बर्फ खावासा वाटतो का?" चोरी पकडल्यासारखी माझी अवस्था. रात्री सगळे झोपले की मी फ्रिजचा ट्रे काढून कडाकडा बर्फ चावायचे. फोर्टातल्या रसवंतीवाल्याकडे नुसता बर्फ मागायचे, तो पैसेसुद्धा घ्यायचा नाही. लाजेपोटी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, लोह कमी असलं की काहींना बर्फाची, मातीची, खडूची अशी ओढ लागते. पाळीत किती दिवस जातं, गाठी पडतात का, पॅड किती लागतात, हेही तुम्हीच विचारलंत. अंगावर जातंय ते मी अंगावरच काढत होते.

हिमोग्लोबिन आलं 7.8. बायकांना निदान 12 हवं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, 6. मी हिशेब खात्यात आहे हे कळल्यावर तुम्ही सांगितलंत, हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. तुमचं दोन्हीकडे खडखडाट आहे, काकू. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली, तिच्यावर उपचार चालू आहेत, त्याबद्दल इथे नको.

गोळ्यांचं मात्र सांगते, कारण कुणीच सांगत नाही. चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. आणि आकडा सुधारला तरी शिल्लक भरेपर्यंत पुढे काही महिने चालू ठेवायची. याआधी दोनदा मी लाल गोळ्या आणल्या होत्या आणि सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या होत्या!

नंतर लेकीने मोबाइलवर दाखवलं. सरकारच्याच 2019–21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रात 54 टक्क्यांच्या वर. म्हणजे लेडीज डब्यात आमच्या सीटवर चौघी बसलो, तर त्यातल्या दोघी माझ्यासारख्या. इतकं घरोघरचं दुखणं, आणि दोन-दोन डॉक्टरांना पापणी ओढून बघावीशी वाटली नाही. पाच सेकंद लागतात त्याला, मी मोजलेत.

माझं बघून शेजारीण गोळ्या मागायला आली. तिला मी तुमचंच वाक्य ऐकवलं, तपासल्याशिवाय लोह खायचं नाही, जास्त झालं तर तेही वाईट. तिच्या रक्तात लोह ठीक होतं, थायरॉइड निघालं. समोरच्या शाकाहारी आजोबांचं बी-12 कमी. आणि आमचे हे, घोरून घोरून मधेच श्वास थांबवणारे, दिवसा खुर्चीत पेंगणारे, त्यांनाही आता झोपेची तपासणी सांगितलीय. मजल्यावर सगळे दमलेलेच होते, फक्त प्रत्येकाचं दमणं वेगळं. आणि सगळ्यांना उत्तर एकच मिळत होतं, वय झालं.

एक बाई आठवते. डोंबिवलीहून बसून आलेली, घाटकोपरला माझ्या तोंडाकडे बघून उठली, "बस गं, पडशील," म्हणाली आणि पुढे भायखळ्यापर्यंत उभी राहिली. तिच्याकडे डिग्री नव्हती. तिचं नाव विचारायचं राहिलं. तुमचं नाव तरी पाटीवर वाचलं होतं, ते इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून.

गणपती उठल्यावर पुन्हा तपासलं, 11.4. गोळ्या चालू आहेत. परवा लेकीने सरबतासाठी बर्फाचा ट्रे काढला आणि घोट घेऊन तोंड वाकडं केलं. बर्फाला मेथीचा वास लागला होता, इतके दिवस त्याला कुणी हातच लावला नव्हता.

तुमची,
भांडुपची काकू