आधी मधली सुट्टी द्या, मग जादा तास घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कोरोनामुळं दोन वर्षं बंद-चालू होत राहिलेल्या शाळा परत सुरू झाल्यात आणि जो तो एकच विचारतोय, सिलॅबस किती राहिला. गेटवर पालक तेच बोलतात, स्टाफरूममधून बाहेर पडणारे सर तेच बोलतात, ट्यूशनवाल्यांच्या तर बोर्डावरच आलंय की दोन वर्षांचा बॅकलॉग भरून देऊ. यासाठी काही शाळांनी काय केलं, तर पीटीचा तास काढून गणिताला दिला, मधली सुट्टी आवळून दहा मिनिटांवर आणली आणि शनिवारी पण जादा तास लावले. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे म्हणून हे पत्र लिहितोय. पोरांचं गणित कच्चं राहिलंय हे कोण नाही म्हणतंय, पण त्याच्या आधी त्यांचं एकमेकांत बसणं-उठणं सुटलंय, भांडणं सुटलंय, डबा वाटून खाणं सुटलंय. ते आधी परत आणा, गणित त्याच्या मागनं येईल.

मी मास्तर नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागात स्कूल रिक्षा चालवतो, अशोक चौक, कन्ना चौक, नीलमनगर असा पट्टा, बरीच वर्षं. मास्तरांना पोरं वर्गात दिसतात, आईबापाला घरात दिसतात, आणि मला दिसतात ती मधल्या वेळात, जिथं कुणी अभ्यास विचारत नाही आणि कुणी ओरडत नाही. खरं काय ते पोरं त्याच वेळेला बोलतात. कुणाला मॅडमनी मारलं, कुणाचं कुणाशी कट्टी, कुणाच्या घरी काल रात्री भांडण झालं, सगळं मला आरशात बघत बघत कळायचं. पूर्वी गाडीत एवढा कालवा असायचा की हॉर्न वाजवला तरी ऐकू येत नसे, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, मधेच उर्दू, एकाची पाण्याची बाटली दुसऱ्याच्या डोक्यात, आणि माझ्या शेजारी पुढं कोण बसणार यावर रोज मारामारी. आता शाळा सुरू झाल्यावर पहिला आठवडाभर गाडी एकदम शांत. मला आधी वाटलं मास्कमुळं. मग बघितलं तर पोरं एकमेकांकडं बघतच नव्हती, प्रत्येक जण बाहेर रस्त्याकडं तोंड करून बसलेला. पुढच्या सीटसाठी कुणी भांडेना. संपादक साहेब, पोरं पुढच्या सीटसाठी भांडत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दोन-चार आठवड्यांची सुट्टी असंच सगळे धरून चालले होते. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला, तो पुढं ढकलला, मग रद्दच झाला. माझी गाडी दारात उभी राहिली. नंतर मी तिच्यातच भाजी घालून विकली, सरकारचे १५०० रुपये पण मिळाले ऑनलाइन फॉर्म भरून, ते असो, तो विषय नाही. विषय असा की आमच्या भागात शाळा बंद पडणं म्हणजे नुसती शाळा बंद पडणं नव्हतं. हे गाव शाळेचे युनिफॉर्म शिवणारं गाव आहे, देशभर इथनं माल जातो. शाळा बंद म्हणजे ऑर्डरी बंद, म्हणजे मशीनवर बसणारे बाप घरी, काहींनी मास्क शिवून दिवस काढले. टॉवेल-चादरीचे लूम थंड, विडीचे कारखाने बंद म्हणून आयांच्या हाताला पण काम नाही. एका खोलीत पाच-सहा माणसं आणि त्यात एक फोन, तो पण बापाचा. लूम परत सुरू झाले तसा फोन बापाबरोबर कामाला जायला लागला आणि ऑनलाइन क्लासची लिंक यायची सकाळी अकराला. रात्री नऊला बाप घरी आला की पोरगं फोन हातात घ्यायचं, तोवर ग्रुपवर शंभर मेसेज, फोटो काढून पाठवलेला होमवर्क, अर्धा धूसर. तीन भावंडं असली तर पहिला नंबर दहावीवाल्याचा, धाकटं झोपूनच जायचं. आणि याला आपण शिक्षण सुरू आहे म्हणत होतो. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" हे नावच होतं सरकारच्या त्या उपक्रमाचं.

नावं ठेवायची म्हणून लिहीत नाहीये, चांगलं झालं ते पण सांगतो. टीव्हीवर सह्याद्रीला जुलै २०२० पासून टिलीमिली लागायचं, पहिली ते आठवीच्या अभ्यासाचं, त्याला रिचार्ज लागत नव्हता त्यामुळं आमच्याकडं फोनपेक्षा तेच जास्त चाललं, म्हाताऱ्या पण बसून बघायच्या. आपल्याच जिल्ह्यातले परितेवाडीच्या झेडपी शाळेचे डिसले सर, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, बक्षिसाचे अर्धे पैसे त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले, तेव्हा छाती फुगली सगळ्यांची. पुस्तकात क्यूआर कोड त्यांनीच आणले म्हणतात, चांगलीच गोष्ट आहे, फक्त कोड स्कॅन करायला फोन घरात पाहिजे, आमचं गाडं तिथंच अडायचं.

आणि नीलमनगरच्या भिंती. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांनी मुद्दाम जाऊन बघाव्यात. तिथल्या शिक्षकांनी लोकांच्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, गल्लीगल्लीत, कुठं बाराखडी, कुठं सूत्रं, कुठं इंग्रजीचे शब्द. टीव्हीवर, पेपरात सगळीकडं आलं, भिंतींवर शाळा भरली म्हणून कौतुक झालं आणि व्हायलाच पाहिजे होतं. मी भाजीची गाडी घेऊन तिथनंच जायचो त्यामुळं मला जे दिसलं ते सांगतो. पोरं भिंतीपुढं यायची, दोन मिनिटं वाचायची, वहीत लिहायची, आणि मग अर्धा तास तिथंच उभी राहायची एकमेकांशी बोलत. एक पोरगी दुसरीला पेन्सिलनं दाखवायची की हे असं नाही बे, हे असं. दुसरी म्हणायची तुला काय कळतंय. घरात "अभ्यासाला बस" म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोरं भिंतीकडं पळत यायची, कारण भिंतीकडं आलं की दुसरं कोणतरी भेटायचं. त्या सरांना हे नक्की माहीत असणार. आम्ही बाकीच्यांनी फक्त रंग बघितला.

आता लहानांचं बघा. ज्या पोरांची पहिली जून २०२० मध्ये सुरू झाली, त्यांची शाळा शहरात उघडायला सरकारनं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून, तोवर ती दुसरीत. लगेच जानेवारीत ओमायक्रॉन आला, परत बंद, २४ तारखेपासून परत परवानगी. म्हणजे दुसरी संपत आली तरी या पोरांनी शाळा अशी बघितलीच नाही. माझ्या गाडीतली एक छोटी आहे, तिला शाळा सुटायची घंटा आणि मधल्या सुट्टीची घंटा यातला फरक कळेना. मधली सुट्टी झाली की ती दप्तर घेऊन सरळ गेटवर माझी गाडी शोधायला. वॉचमननी दोनदा परत पाठवली. दुसरा एक तास चालू असताना डबा उघडून खायला बसायचा, कारण घरी क्लास चालू असताना तो तसंच खायचा, त्यात त्याचं काय चुकलं. मॅडम चिडल्या म्हणून रडला आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसायलाच तयार नाही. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, बाकड्यावर सरकून जागा देणं, हे कुठल्या पुस्तकात नाही, हे पोरगं दुसऱ्या पोराकडनं शिकतं. आणि ते शिकायची जागा मधली सुट्टी, तीच तुम्ही कापताय.

यावर सर लोक सांगतात की नियम आहेत. बरोबर आहे, शाळा उघडायच्या नियमावलीत परिपाठ नको, खेळ नको, स्नेहसंमेलन नको, जेवणाची सुट्टी नको, एका बाकावर एक विद्यार्थी, असं सगळं होतं आणि तेव्हा ते बरोबरच होतं, एप्रिल-मे २०२१ मध्ये काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही, बेडसाठी फिरलेल्या माणसांना मीच गाडीतनं नेलंय. पण आता बाजार भरतोय, लग्नं लागतायत, सिटी बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि शाळेच्या ग्राउंडला मात्र कुलूप. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे आपली जत्रा, पण दोन वर्षं भरला नाही, पाळणे नाहीत, खेळण्यांचे स्टॉल नाहीत, पोरांच्या वाट्याचं तेवढं आपण सगळ्यात आधी बंद करतो आणि सगळ्यात शेवटी उघडतो. मोकळ्या ग्राउंडवर पोरं पळाली तर बंद वर्गात जादा तासाला बसण्यापेक्षा धोका कमीच, हे तर डॉक्टरच सांगतात.

मोठ्यांची तऱ्हा वेगळी. गेल्या वर्षी, २०२१ ला, दहावीची परीक्षा झालीच नाही, जुलैत निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि त्या पोरांना आजपर्यंत ऐकून घ्यावं लागतंय, कोरोना बॅच, फुकट पास. माझ्या गाडीत लहानपणापासून बसलेला एक त्या बॅचचा आहे, आता कॉलेजला जातो, त्याला चांगले मार्क होते पण कुणी विचारलं तर टक्के सांगत नाही, नुसतं "झालो पास" म्हणतो. यंदाची, २०२२ ची दहावी १५ मार्चपासून आहे, ऑफलाइन. सिलॅबस २५ टक्के कमी केलाय, अर्धा तास जादा दिलाय, आपल्याच शाळेत नंबर येणार, बोर्डानं एवढं केलं हे चांगलं केलं. मागच्या महिन्यात मुंबईत धारावीत पोरं ऑनलाइन परीक्षा द्या म्हणून रस्त्यावर आली, तेव्हा पारावर सगळे म्हणत होते आळशी झालीत. मला विचाराल तर घाबरलीत. सराव पेपर देऊन परत येताना एक पोरगा सारखा मनगट झटकत होता, विचारलं तर म्हणाला काका दोन तास लिहिलं की हात चालतच नाही, दुखतो. दोन वर्षं टिकमार्क करून पाठवायची सवय, सलग तीन तास लिहायचं कुठनं जमणार. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं, सरांना पण नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते पुढचं. एका शाळेत, नाव घेत नाही, सरकारच्या योजनेची यादी करायची होती, कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या मुलांची. ५० हजारांची मदत आहे, बालसंगोपन योजना आहे, फॉर्म भरायलाच पाहिजेत, मुलांचा हक्क आहे तो. पण यादी कशी केली, तर भरल्या वर्गात विचारलं, कुणाकुणाचे वडील गेलेत, हात वर करा. माझ्या गाडीतल्या पोरानं हात वर केलाच नाही. घरी आईला पण सांगितलं नाही की असा फॉर्म आलाय. मला सांगितलं, ते पण सगळी उतरल्यावर, आणि वर म्हणाला काका कुणाला सांगू नका. मी त्याच्या आईला सांगितलं, फॉर्म भरला गेला. आता हे हेडमास्तरांच्या केबिनमध्ये पालकांना बोलावून झालं नसतं का? त्या मॅडमचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे, त्यांच्यावर पण वरनं यादी द्या, यादी द्या असं प्रेशर. पण पोरगं त्या दिवसापासून वर्गात मागच्या बाकावर बसतंय.

फीचं पण तेच. फी थकली म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपमधून पोराला काढून टाकलं असे प्रकार झालेत, सरकारनं १५ टक्के फी कमी करायचा जीआर काढला तरी झाले. भांडण पालकांचं आणि संस्थेचं, ग्रुपमधून नाव जातं पोराचं. इयत्ता सातवीतल्या पोराला मित्रांसमोर हे झालं तर तो शाळेत कुठल्या तोंडानं येणार.

आणि जी आलीच नाहीत ती. गाडीच्या जुन्या यादीतली काही नावं आता शाळेत नाहीत. एक जण गारमेंटमध्ये धागे कापायला जातोय, आठवड्याला पगार आणतोय, त्याच्या आईला शाळेचं विचारलं तर म्हणते पुढच्या वर्षी बघू. मोठ्या पोरींचं तर विचारायलाच भीती वाटते, जिल्ह्यात बालविवाह रोखल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात येत होत्या, न रोखलेल्यांची बातमी येत नाही. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर शाळेच्या गेटवर मोठ्या अक्षरात लिहा ही माझी साधी मागणी आहे. भिंती रंगवायची कला आपल्या गावाला येतेच.

महापालिकेच्या आणि झेडपीच्या शिक्षण विभागानं, संस्थाचालकांनी निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत एवढं करावं असं मला वाटतं. मधली सुट्टी पूर्वीएवढी करा, पीटीचा तास कुठल्याही विषयाला देऊ नका. दहावीवाल्यांना रोज थोडं तरी कागदावर सलग लिहायला लावा, मार्क न देता. न आलेल्या पोरांच्या घरी एकदा सर जाऊन येऊ देत, फोन करून नाही, जाऊन, पत्ते नसतील तर आमच्यासारख्या रिक्षावाल्यांना विचारा, आम्हाला सगळी घरं माहीत आहेत. आणि मोठं गॅदरिंग जमत नसेल तर वर्गावर्गात अर्ध्या दिवसाचं करा, दोन गाणी, एक नाटुकलं, चिवडा-लाडू, खर्च काही नाही. जादा तास त्यानंतर घ्या, आम्ही पोरं वेळेवर आणून सोडू, संध्याकाळी उशीर झाला तरी थांबू, जादा पैसे मागणार नाही. माझ्यासोबत लाइनवर उभे राहणारे बाकीचे चालक पण याला तयार आहेत, बोलून घेतलंय.

पत्र मोठं झालंय, कापून छापलं तरी चालेल, फक्त हात वर करा वाली गोष्ट आणि मधल्या सुट्टीची मागणी कापू नका. नाव मुद्दाम टाकलेलं नाही, माझं नाव आलं तर शाळा ओळखू येईल आणि शाळेवरनं पोरगं.

आपला वाचक,
एक स्कूल रिक्षाचालक,
अशोक चौक परिसर, सोलापूर
फेब्रुवारी २०२२