घाटकोपरची फुली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कालनिर्णयावर या महिन्यात तू माझ्या फिटच्या दोन लाल फुल्या मारल्यास. तिसरी मी आत्ता मारली, मंगळवारच्या चौकटीत. कोपराला काय लागलं विचारलंस, तेव्हा मी ‘दार’ म्हणाले. दार नव्हतं रे, घाटकोपर होतं.

जिना उतरतानाच उजवा अंगठा उडायला लागला. मग ओठ एका बाजूला ओढला जातो, बोलणं बंद होतं, ते तू पाहिलंयस. प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे सरले, बाकाचा कोपरा धरला, पर्समधलं कार्ड काढलं. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तर एका भाजीवालीने मला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली तिची रिकामी पिशवी. कोणी चप्पल हुंगवायला आलं होतं, त्यावर ती खेकसत होती. तिच्या भावाला आकडी येते म्हणे. कॉलेजची एक पोरगी कार्ड वाचून घड्याळ लावून उभी. दोन मिनिटं, म्हणाली. पाच झाली असती तर अँब्युलन्स. दोघींचीही नावं विचारायची राहिली.

लपवलं, कारण बंगळुरूचं पत्र तू फ्रिजवर लावून ठेवलंयस आणि त्याबद्दल बोलत नाहीस.

मेंदूतली गाठ निघाली, एमआरआय स्वच्छ आहे, मग फिट का, असं तू डॉक्टरांना विचारलं होतंस. गाठ जाते, व्रण राहतो आणि तिथूनच झटका उठतो, हे त्यांनी समजावलं. दोन औषधं नीट घेऊनही फिट चालूच राहिल्या, तर तिसऱ्याने पूर्ण थांबण्याची शक्यता कमी, हेही. म्हणजे तू थांबलास म्हणून त्या थांबणार नाहीत.

लेव्हेटिरासिटाम, ती फिटची गोळी, वाढवल्यावर तुझ्यावर भांडी आपटली, त्यातली अर्धी चिडचिड गोळीची. अर्धी माझीच, कबूल.

शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आहे. बाथरूमची कडी लावत नाही. गोळ्यांचा गजर सकाळ-संध्याकाळ ८ चा. जागरण नाही, सिरियलसाठीसुद्धा नाही. दारात उभं राहून लोकल नाही. दर रविवारी कालनिर्णयाचा फोटो पाठवीन, सगळ्या फुल्यांसकट.

त्या पत्राला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार आहे ना?

तुझी,
आई