काजळीही तासागणिक मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत ‘पीएम २.५’चा आकडा हमखास असतो. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या सर्व कणांचे एकत्रित वजन तो सांगतो. ते कण कशाचे आहेत, हे सांगत नाही. माती, मीठ, सल्फेट, नायट्रेट आणि इंधन अर्धवट जळाल्याने निघणारी काजळी हे सारे त्यात एकाच तागडीत पडते. काजळीचा वजनातला वाटा बहुधा थोडाच असल्याने एखाद्या रस्त्यावरचा डिझेलचा धूर बराच घटला, तरी हा आकडा जेमतेम हलतो, आणि उपाय फसला असे म्हणून सगळे मोकळे होतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे, हे पाहता काजळीचे स्वतंत्र आणि अखंड मापन व्हायला हवे.

प्रयोगशाळेतील रूढ पद्धतीत क्वार्ट्झच्या गाळणकागदावर बहुधा चोवीस तास कण गोळा करतात. मग तो कागद आधी हेलियममध्ये तापवून सेंद्रिय कार्बन आणि नंतर प्राणवायू सोडून उरलेला मूलद्रव्यी कार्बन, म्हणजे काजळीतला मुख्य घटक, मोजतात. ही पद्धत हवीच. पण दिवसभराच्या सरासरीत सकाळच्या वाहतुकीचा लोट आणि रात्रीच्या शेकोट्यांचा धूर एकमेकांत मिसळून जातात.

एथॅलोमीटर हे उपकरण ही उणीव भरून काढते. त्यातील गाळणकागदाच्या फितीच्या एका लहानशा ठिपक्यातून हवा सतत ओढली जाते, ठिपका काळवंडत जातो, आणि त्यातून पार होणारा ८८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती घटला यावरून काजळीचे प्रमाण मिनिटामिनिटाला काढता येते. ठिपका फारच काळा झाला की फीत आपोआप पुढे सरकते. अनेक उपकरणे ३७० ते ९५० नॅनोमीटरदरम्यानच्या सात तरंगलांबींवर मोजतात. लाकूडफाट्याच्या धुरातील सेंद्रिय द्रव्ये अतिनील प्रकाशाजवळ अधिक शोषण करतात, त्यामुळे काजळी वाहनांची की लाकूड-पाचोळ्याची, याचाही अंदाज बांधता येतो. नियंत्रणाच्या दृष्टीने हीच माहिती सर्वांत मोलाची.

अर्थात हे उपकरण काळेपणा मोजते, वजन नव्हे. वजन गुणांकाने काढावे लागते. शिवाय ठिपका भरत आला की आकडा खरा असावा त्याहून कमी दिसू लागतो आणि फीत सरकताच एकदम उसळतो. नव्या उपकरणांत दोन ठिपक्यांवर वेगवेगळ्या गतीने हवा ओढून ही चूक दुरुस्त केली जाते. तेव्हा आकड्यांबरोबर वापरलेला गुणांक आणि दुरुस्तीची रीतही जाहीर झाली पाहिजे, नाहीतर दोन केंद्रांची तुलना निरर्थक ठरेल.

काजळीला मर्यादाच ठरलेली नाही, मग मोजायची कशाला, हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा दिलेली नाही, ती पुराव्याच्या अभावी. मात्र पद्धतशीर मापन करावे असे तेथेच म्हटले आहे. न मोजता पुरावा येणार कोठून?

प्रत्येक शहरात निदान एक केंद्र वर्दळीच्या रस्त्यालगत आणि दुसरे रस्त्यापासून दूर वस्तीत असावे, कारण या दोहोंतील फरकावरूनच वाहतुकीचा वाटा कळतो. दोन्ही केंद्रांचे तासागणिक आकडे ‘पीएम २.५’च्या शेजारी खुले ठेवावेत आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ते त्याच रकान्यात छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक