फ्लूच्या लसीची बातमी साथ यायच्या आधी छापा

मा. संपादक,
स.न.

फ्लूची साथ आली की सगळ्याच पेपरात दवाखान्यातल्या गर्दीचे फोटो येतात आणि खाली डॉक्टरांचा सल्ला असतो, मुलांना लस द्या म्हणून. सल्ला शंभर टक्के बरोबर, पण तो येतो तेव्हा निम्मा उपयोग संपलेला असतो, आणि एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

लस टोचल्यावर अंगात अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यात सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच फ्लूची लस देत असाल तर एका डोसवर भागत नाही, किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे झाले की सहा आठवडे! बातमी वाचून जे आईबाप धावत सुटतात त्यांच्या पोराला नीट संरक्षण मिळेपर्यंत साथ बहुतेक ओसरायला लागलेली असते. उशिरा घेतलेली वाया जाते असं नाही हां, साथ चालू आहे तोवर घेतलेली बरीच.

आणि तो दुसरा डोस तर हमखास राहतोच. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईने लसीच्या कार्डाचा फोटो टाकला, "एवढी लस देऊन पण ताप आलाच" असं लिहून. कार्डावर पहिल्या डोसची तारीख, सही, स्टिकर सगळं जागच्या जागी आणि खालची ओळ कोरी. पण ते कोण बघतंय, सगळे लसीच्या नावाने शंख करण्यात बिझी.

बरं तो ताप फ्लूचाच होता कशावरून? सर्दी-खोकला-ताप देणारे व्हायरस ढिगाने आहेत, ही लस फक्त इन्फ्लुएंझावर म्हणजे फ्लूच्या व्हायरसवर चालते. आणि दोन्ही डोस घेऊनही फ्लू होऊ शकतो हेही स्पष्ट छापा, लपवलं की लोकांचा विश्वासच उडतो. लस आणि व्हायरस चांगले जुळले त्या वर्षीसुद्धा फ्लूने डॉक्टरकडे जायची वेळ साधारण 40 ते 60 टक्क्यांनीच कमी होते. तरी घ्यायची, कारण पाच वर्षांखालच्या आणि त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होऊन अ‍ॅडमिट करायची वेळ येऊ शकते आणि तो धोका लसीने कमी होतो.

"गेल्या वर्षी दिली की, आता परत कशाला" हा आणखी एक ठरलेला डायलॉग. अहो तो व्हायरस सारखा रूप बदलतो, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीत कुठले स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे कुठले प्रकार, घालायचे ते सांगते. बी यामागाटा नावाचा स्ट्रेन मार्च 2020 नंतर सापडलाच नाही म्हणून तो आता काढायला सांगितलाय, इतकं बारीक लक्ष असतं. शिवाय लसीचा असरही काही महिन्यांनी उतरतो. लसीनेच फ्लू होतो ही भीती पण काढून टाका, इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच, दंड दुखतो, एखाददोन दिवस कणकण वाटते, बास. नाकात मारायच्या स्प्रेमध्ये जिवंत पण कमजोर केलेला असतो आणि तो दोन वर्षांच्या पुढेच देतात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही लस देताच येत नाही. त्याच्यासाठी आईने गरोदरपणात घ्यायची आणि घरातल्या बाकीच्यांनीही, हे तर मी कुठल्या बातमीत वाचल्याचं आठवत नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी हंगामाच्या दोन महिने आधी एक चौकट टाका, आतल्या पानावर असली तरी चालेल. आणि महिनाभराने तीच चौकट परत टाका, दुसऱ्या डोसवाल्यांसाठी.

आपली,
एक वाचक आणि आई