बाबा, हा सिनेमा तुम्ही बघाच

प्रिय आई-बाबा,

काल रात्री 'द ट्वायलाइट सामुराई' नावाचा जपानी सिनेमा बघितला, 2002 चा, योजी यामादाचा, आणि बघताना सारखे बाबाच डोळ्यासमोर येत होते म्हणून आज लिहायला बसले.

बाबा, तलवार म्हटलं की तुम्हाला मारामारी वाटेल पण यात मोठ्या लढाया दोनच. काळ 1868 च्या थोडा आधीचा, सामुराईंचे दिवस संपत आलेले. सेइबेई हा अगदी छोटा सामुराई, धान्याच्या कोठारात हिशेब लिहिणारा, पगार तांदळात. बायको टीबीने गेलेली, डोक्यावर कर्ज, घरी दोन लहान मुली आणि काही आठवत नसलेली म्हातारी आई. संध्याकाळ झाली की बाकीचे दारू प्यायला जातात, हा सरळ घरी येतो, शेतात राबतो, रात्री किडे ठेवायचे पिंजरे विणून चार पैसे मिळवतो. तलवार चालवण्यात तो केवढा तरबेज आहे हे कुणाला माहीतसुद्धा नसतं, आणि त्याला ते सांगायचंही नसतं.

त्याची आई त्यालाच विचारते, तुम्ही कुणाकडचे? आणि तो न चिडता सांगतो, मी सेइबेई, तुमचा मुलगा. तिथे मी सिनेमा पॉज केला. बाबा, आजीला तुम्ही अगदी असंच सांगायचात, रोज, प्रत्येक वेळी पूर्ण नाव घेऊन. आणि आई, आजीची वेणीफणी, अंघोळ सगळं तू करायचीस, त्याबद्दल तुला कुणी कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही, म्हणून आज मी म्हणते, तू खूप केलंस गं.

शेवटची लढाई तर श्वास रोखून बघितली. घरात कोंडून बसलेल्या दुसऱ्या तलवारबाजाला मारायचा हुकूम येतो, दोघं आधी बसून बोलतात, आपापल्या घरातली दुखणी आणि मरणं सांगतात. सेइबेईने खरी तलवार बायकोच्या अंत्यविधीसाठी विकलेली, म्यानात नुसता बांबू, हातात फक्त छोटी तलवार. खोली ठेंगणी, समोरच्याची लांब तलवार दारावरच्या लाकडात अडकते, तिथेच सगळं फिरतं. तो दुसरा माणूस म्हणजे मिन तानाका, मूळचा डान्सर, काय काम केलंय! सेइबेई झालाय हिरोयुकी सानादा, 2024 मध्ये ज्याला एमी (टीव्हीवरच्या कामासाठीचा अमेरिकन पुरस्कार) मिळालं तोच.

दिवाळीत येताना लॅपटॉपवर घेऊन येते. सबटायटल्स इंग्रजी आहेत, पण आई, मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन, तू चष्म्याची काळजी करू नकोस. बाबा, बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
ताई