दाट रसाला उकळी नको

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत नारळाच्या रसातल्या कोळंबीची कृती आली आहे. मसाला परतून त्यात नारळाचे दूध, आमसुले, मीठ आणि कोळंबी एकदम घालावी आणि दहा-बारा मिनिटे चांगले उकळावे, असे तिच्यात म्हटले आहे. ताज्या नारळाचा रस काढून कोणी हे तंतोतंत केले, तर वर तेलाचा तवंग, खाली पाणी आणि मधे पांढरा चुरा असे कालवण हाती येईल. कोळंबी चिवट होईल ती वेगळीच. नव्याने करणाऱ्याला मग वाटते, मासळी शिळी होती किंवा नारळ खवट निघाला. म्हणून या कृतीची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे.

नारळाच्या रसात स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात आणि प्रथिनांचे पातळ कवच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिने आकसू लागतात, थेंब एकत्र येतात आणि तेल सुटते. आंबट आणि मीठ सोबतीला असले की हे आणखी लवकर घडते. सोलकढीत हाच रस आणि हेच कोकम एकत्र नांदतात, कारण ती चुलीवर चढत नाही. तीच गरम करायला ठेवली तर बघता बघता फाटते.

म्हणून रस दोनदा काढायचा आणि दोन वेगळ्या वेळी घालायचा. चार माणसांना एक मोठा, पाणी कमी झालेला जून नारळ पुरतो. खोबरे फ्रीजमधले असेल तर आधी बाहेर काढून ठेवावे. थंड खोबऱ्यातला स्निग्धांश गोठलेला असतो, तो चोथ्यातच राहतो आणि रस पाणचट निघतो. खवलेल्या खोबऱ्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढावे आणि पातळ सुती फडक्यातून घट्ट पिळावे. हा पहिला, दाट रस साधारण वाटीभर निघतो. तो झाकून बाजूला ठेवावा. त्याच चोथ्यात दीड वाटी कोमट पाणी घालून दुसरा, पातळ रस काढावा. इथे साध्या पाण्याऐवजी कोळंबीची डोकी आणि सालपटे पंधरा मिनिटे उकळून, गाळून, कोमट केलेले पाणी वापरले तर चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बहुतेक घरांत ही डोकी थेट कचऱ्यात जातात, याचे वाईट वाटते.

कोळंबी साफ केलेली अर्धा किलो धरावी. डोक्यासकट घेतली तर किलोभर आणावी लागते, साफ केल्यावर जेमतेम निम्मी उरते. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा, अर्धा चमचा हळद आणि थोडे मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावी आणि सुटलेले पाणी टाकून द्यावे. गोठवलेली कोळंबी असेल तर हे पाणी काढणे फार महत्त्वाचे, नाहीतर तेच सगळे रसात उतरते.

वाटणाला सात-आठ भिजवलेल्या बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, पाच-सहा मिरीदाणे, सहा लसूण पाकळ्या आणि एक चमचा भिजवलेले तांदूळ घ्यावेत. तांदूळ वगळू नयेत. त्यातल्या पिठूळपणाने रस्सा मिळून येतो आणि रस फाटायची भीती बरीच कमी होते. वाटण गंधासारखे बारीक हवे. भरड राहिले तर ते तळाशी बसते आणि रस न फाटताही कालवण फुटल्यासारखे दिसते.

टोपात मोठा चमचाभर खोबरेल तेलावर एक बारीक चिरलेला कांदा मऊ करावा, लाल करू नये. मंद आचेवर वाटण दोन-तीन मिनिटे, कच्चा वास जाईपर्यंत परतावे. मग पातळ रस आणि चार आमसुले घालून आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. तांदूळ इथेच शिजतो आणि सतत ढवळत राहिले तर तळाला लागत नाही. पातळ रसात स्निग्धांश कमी असतो, त्यामुळे त्याला उकळी चालते. आंबटपणा पुरेसा उतरला की आमसुले काढून टाकावीत. ती आत राहिली तर कालवण मुरता मुरता जास्त आंबट होते आणि रंगही मळकट होतो. मीठ यानंतर, चव बघूनच. आमसुलांनाही मीठ असते.

आता उकळत्या रश्श्यात कोळंबी सोडावी. मध्यम आकाराच्या कोळंबीला तीन मिनिटे पुरतात. ती गुलाबी होऊन अर्धगोल वळली की झाली. पूर्ण गोल वेटोळे झाले म्हणजे वेळ टळली. लगेच आच अगदी मंद करून बुडबुडे थांबू द्यावेत. दाट रसात डावभर गरम रस्सा मिसळून तो कोमट करावा आणि बारीक धारेने टोपात ओतावा. पळी न घालता टोप दोन्ही कानांना धरून गोल हलवावा. कडेने वाफ दिसू लागली, रस्सा नुसता थरथरला की गॅस बंद. घट्ट झाकण ठेवू नये, आतल्या आत उष्णता वाढते. अर्धवट झाकून दहा मिनिटे मुरू द्यावे.

एवढे करूनही फाटलेच तर टाकून देऊ नये, ते खायला चांगले असते. कोळंबी उपसून रस्सा कोमट होऊ द्यावा आणि मिक्सरमधून एकदा फिरवावा. पुष्कळसा जुळून येतो.

पाकिटातले नारळाचे दूध वापरणाऱ्यांना हा अनुभव सहसा येत नाही, कारण बहुतेक पाकिटांत ते स्थिर ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. पुरवणीतली कृती तशा दुधावर बेतलेली असावी. तसे असेल तर ते स्पष्ट छापायला हवे होते. पाकिटातल्या दुधाला निम्मे पाणी घालून पातळ रस करता येतो. मात्र त्यात साखर नाही ना, हे वाचून घ्यावे.

कोळंबीऐवजी सुरमई किंवा हलवा घेतल्यास बोटभर जाड तुकड्यांना सहा-सात मिनिटे लागतात. तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर त्या खारट पाणी सोडतात, म्हणून मीठ अगदी शेवटी. बांगडा मात्र या रसात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा स्वतःचा तेलकटपणा आणि दाट रस मिळून कालवण जड होते. त्याला तिरफळे घातलेले वाटपच शोभते.

उरलेले कालवण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. नारळाचा रस उन्हाळ्यात फार लवकर आंबतो. गरम करताना कोळंबी बाजूला काढून आधी रस्सा मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवावा आणि कोळंबी वाढायच्या वेळी त्यात सोडावी.

– एक वाचक, वेंगुर्ले